रिकाम्या पुंगळीचा इतिहास

‘काडतूस’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला, पण मराठी वाचकाच्या मनात तो शब्द उच्चारताच उभे राहते ते १८५७ साल. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मध्येही काडतुसांची हकीकत येतेच. एनफील्ड बंदुकीचे ते काडतूस कागदाचे होते. आत दारू आणि गोळी, बाहेरून वंगण. शिपायाने ते दातांनी फोडावयाचे. वंगण कशाचे, हे त्याला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असणाऱ्यांच्या शब्दावर त्याचा विश्वास उरला नव्हता. त्या वर्षीच्या जानेवारीच्या अखेरीस शिपायांनी स्वतः आणलेले वंगण स्वतःच्या हाताने लावावे, अशी मुभा सरकारने देऊन पाहिली. पण तोवर वेळ निघून गेली होती. या मुभेकडे आपल्या इतिहासलेखनात बहुधा एक फसलेली मलमपट्टी म्हणून पाहिले जाते. मला मात्र तिच्यात एक निराळा प्रश्न दिसतो. जे काडतूस आपण ओठांशी न्यायचे, ते कोणाच्या हातचे असावे?

या प्रश्नाला अमेरिकेत एक विलक्षण उत्तर मिळाले. तेथे झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करून त्या घरच्या घरी पुन्हा भरण्याचा, ज्याला ‘हँडलोडिंग’ म्हणतात त्याचा, एक मोठा छंद उभा राहिला. या छंदाचे उपासक त्याकडे स्वावलंबनाचे व्रत म्हणून पाहतात: कारखान्याचा माल सर्वांसाठी सारखा, माझे काडतूस माझ्या बंदुकीसाठी. ही भावना खोटी नाही. परंतु या हस्तकौशल्याचा इतिहास उलगडू लागलो की प्रत्येक वळणावर हाती लागते ती युद्धाची शिल्लक.

प्रारंभ धातूच्या पुंगळीपासून करावा लागतो. कागदी काडतूस एकदा उडाले की संपले. पितळी पुंगळी मागे उरते. स्फोटाच्या दाबाने ती फुगून बंदुकीच्या घराला घट्ट बसते आणि दाब ओसरताच किंचित आक्रसते, म्हणूनच बाहेर काढता येते. राहिला प्रश्न तिच्या बुडातील, ठोका बसताच पेटणाऱ्या टोपीचा. १८६६च्या सुमारास दोघांनी या टोपीचे दोन प्रकार सिद्ध केले. अमेरिकेचा हायरम बर्डन याच्या रचनेत टोपीला आधार देणारी ऐरण पुंगळीतच घडविलेली असते आणि ठिणगी आत जाण्यासाठी बहुधा दोन बारीक भोके आडबाजूला असतात. इंग्रज लष्करी अधिकारी एडवर्ड बॉक्सर याने ऐरण टोपीतच बसविली आणि पुंगळीच्या बुडाला मध्यभागी एकच भोक ठेवले. त्यातून वरून सरळ टोचा घातला की जुनी टोपी खाली गळून पडते. पुढे युरोपने अमेरिकनाची रचना उचलली आणि अमेरिकेने इंग्रजाची. इतिहासाने केलेला हा विनोद नसता, तर अमेरिकन शौकिनाला पुंगळी पुन्हा भरणे इतके सोपे गेले नसते. आणि हा बॉक्सर कोण? वूलिच येथील शाही प्रयोगशाळेचा, म्हणजे एनफील्डची कागदी काडतुसे जेथे तयार होत त्याच संस्थेचा, प्रमुख.

१८८४ साली जॉन बार्लो याने कनेक्टिकट राज्यात ‘आयडियल’ नावाची कंपनी काढली. चिमट्यासारख्या दिसणाऱ्या तिच्या हत्याराने जुनी टोपी काढणे, नवी बसविणे, गोळी दाबून घालणे ही सारी कामे होत. त्या काळी हा छंद नव्हता. गावापासून दूर राहणाऱ्या शिकाऱ्याला नवी काडतुसे परवडत नसत वा मिळत नसत, म्हणून तो जुनी भरी. बार्लोच्या कंपनीने हत्यारांबरोबर पुस्तिकाही काढल्या. कोणत्या पुंगळीत कोणती गोळी, किती दारू, याची कोष्टके त्यांत असत. दारूचे माप ग्रेनमध्ये; एक ग्रेन म्हणजे आपल्या गुंजेच्या साधारण निम्मे. धूरविरहित दारू आल्यावर या कोष्टकांना धर्मग्रंथाची प्रतिष्ठा आली, कारण येथे चुकीचा पाठ वाचणाऱ्याच्या तोंडावर बंदूक फुटते. पाठचिकित्सा शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला त्या वाचकांचा हेवा वाटावा, इतके काळजीपूर्वक वाचन ते करतात.

गरजेचे रूपांतर छंदात झाले ते मुख्यतः दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे. १९४३ साली, युद्धामुळे गोळ्यांची टंचाई असताना, कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन याने वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत एक साचा तयार केला. लहान बंदुकीच्या वापरून टाकलेल्या पुंगळ्या दाबून त्यांचीच गोळीची आवरणे करायची, अशी ती युक्ती. खडकाळ मुलखातील एका बिळकरी प्राण्याच्या शिकारीवरून त्याने साच्याला नाव दिले आणि त्या नावाच्या आद्याक्षरांतून आरसीबीएस ही कंपनी जन्मली. युद्ध संपले तेव्हा सरकारकडे दारूचे डोंगर पडून होते. कॅन्सस राज्यातील ब्रूस हॉजडन याने आयुर्विम्यावर कर्ज काढले आणि ‘४८९५’ या क्रमांकाची ५०,००० पौंड दारू विकत घेतली. ही सैन्याच्या गॅरंड रायफलीच्या काडतुसांतली दारू. ठेवायला जागा नव्हती, म्हणून एका शेतकऱ्याच्या कुरणात रेल्वेचा टाकाऊ डबा उभा केला. ‘अमेरिकन रायफलमन’ मासिकात इंचभर जाहिरात दिली: १५० पौंडांचे पिंप ३० डॉलरला, वाहतूक वेगळी. ज्याला आपण घरगुती हस्तकला म्हणतो तिचा कच्चा माल असा लष्कराच्या कोठारातून, मासिकाच्या पानावरून, घरोघर पोचला.

त्याच मासिकाच्या फेब्रुवारी १९६३च्या अंकात इटालियन सैन्याच्या जुन्या रायफलींचीही जाहिरात होती. तिचे कूपन भरून ली हार्वे ऑसवाल्ड याने टोपणनावाने एक रायफल मागविली. त्या वर्षीच्या २२ नोव्हेंबरला डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यावर झाडली गेली ती हीच. त्याची काडतुसे कारखान्याची होती, हाताने भरलेली नव्हती, हे सांगायला हवे. पण निष्पाप शौक आणि टपालाने आलेली हत्या ही एकाच लष्करी अडगळीची, एकाच मासिकातून वाटली गेलेली दोन रूपे होती, हे विसरून या छंदाचा इतिहास लिहिता येत नाही. १९६८च्या कायद्याने बंदुकांचा असा टपालव्यापार रोखला.

हेच सूत्र शिकारी शौकिनाच्या दुसऱ्या लाडक्या यंत्रातही सापडते, ते म्हणजे लाकूड कापण्याची साखळी-करवत. जर्मनीची ‘श्टील’ चांगली की स्वीडनची ‘हुस्कवार्ना’, यावर तेथील माणसे आपल्याकडच्या घराण्यांच्या वादासारखी हिरीरीने भांडतात. श्टीलचा जन्म १९२६चा. हुस्कवार्नाने करवत काढली १९५९ साली. पण कारखाना १६८९चा, स्वीडनच्या राजाला मस्केट बंदुका पुरविण्यासाठी उभारलेला. मध्यंतरी त्याने शिवणयंत्रे, सायकली, मोटरसायकली केल्या. करवतीवरील बोधचिन्ह आजही बंदुकीच्या नळीच्या टोकाकडून दिसणाऱ्या माशीचे आहे. करवतीचा अभिमानी ते रोज पाहतो.

आपल्याकडे खडकीला दारूगोळ्याचा कारखाना आला १८६९ साली, आणि १८७८च्या कायद्याने शस्त्र बाळगण्यावर परवान्याची कुलपे पडली. स्वतंत्र भारताच्या १९५९च्या कायद्यातही काडतूस तयार करण्यास परवाना लागतो. त्यामुळे आपल्या भाषेत काडतूस राहिले ते सरकारचे, नाहीतर गुन्हेगाराचे. ते भरणाऱ्या हाताचे वर्णन आपल्या वाङ्मयात जवळजवळ नाही. पोलिसांच्या पंचनाम्यात ‘रिकाम्या पुंगळ्या’ येतात, तेवढाच काय तो उल्लेख.

तिकडे लष्करी पुंगळी विकत घेणाऱ्याला प्रथम एक जादा काम करावे लागते. रणांगणात टोपी निसटू नये म्हणून सैन्याच्या पुंगळीत तिच्याभोवतीची कड आत दाबलेली असते. ती कड कोरून काढल्याशिवाय नवी टोपी बसत नाही. शौकीन ती कोरतो. बुडावर ठोकलेली अक्षरे मात्र तशीच राहतात: शस्त्रागाराची आद्याक्षरे आणि वर्षाचे दोन आकडे. काही वेळा भरून झाल्यावर पुंगळीची मान तडकते आणि ती पितळेच्या भंगारात जाते.