याचक, गिऱ्हाईक की सभासद?



डॉक्टरांच्या दारात रोगी कोणत्या नात्याने उभा असतो, असे कोणी विचारले तर आपण म्हणू, दुखणे आहे म्हणून गेलो, त्यात नाते कसले? पण नाते असते, आणि ते देशोदेशी निराळे असते. डॉक्टरांचे मोल कोण देतो, केव्हा देतो आणि कसे देतो, यावर ते पुष्कळसे ठरते.

आपल्या जुन्या गावगाड्याचेच पाहा ना. गळू कापायला न्हावी होता, बाळंतपणाला सुईण होती. न्हाव्याचे बलुते सुगीत खळ्यावर मोजले जाई, त्यामुळे दुखण्याच्या दिवशी पैशाची चिंता नसे. मात्र ती विद्या तोकडी होती, आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला न्हावी हात लावीत नसे, हेही विसरून चालणार नाही.

इंग्रजी अमदानीत सरकारी दवाखाने आले. नागपूरचे मेयो इस्पितळ त्याच काळातले. गरिबाला तेथे औषध मिळू लागले, ही मोठीच गोष्ट झाली. पण उपकार म्हणून मिळालेले औषध हात पसरून घ्यावे लागते, आणि पसरलेल्या हाताला प्रश्न विचारायचा धीर होत नाही.

इतर देशांनी काय केले? जर्मनीत 1883 साली बिस्मार्कच्या राजवटीत कामगारांसाठी आजार-विम्याचा कायदा झाला. वर्गणीचे दोन वाटे कामगाराचे, एक वाटा मालकाचा. इंग्लंडात 5 जुलै 1948 पासून राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. तेथे माणूस आपल्या भागातल्या डॉक्टरकडे नाव नोंदवतो, आणि सरकार त्या डॉक्टरला मुख्यतः नोंदलेल्या माणसांच्या हिशेबाने पैसे देते. तपासणीच्या वेळी दोघांमध्ये पैशाची गोष्टच निघत नाही. अमेरिकेने 1965 मध्ये वृद्धांसाठी आणि गरिबांसाठी सरकारी योजना काढल्या, पण इतर बहुतेकांच्या आणि डॉक्टरांच्या मध्ये विमा कंपनी बसलेली असते.

आपल्याकडे 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की पैसे देऊन उपचार घेणारा रोगी हा ग्राहक आहे आणि त्याला ग्राहक न्यायालयात दाद मागता येते. जेथे सर्वांनाच मोफत सेवा मिळते, तेथे मात्र हा हक्क लागू नाही. म्हणजे बघा, पैसे मोजले तर गिऱ्हाईक, नाही तर याचक! तिसरे काही नातेच नाही का?

आहे, आणि ते आपल्या वर्धा जिल्ह्यात घडले. सेवाग्रामला 1945 साली डॉ. सुशीला नायर यांनी कस्तुरबा इस्पितळ सुरू केले. 1969 मध्ये तेथे वैद्यकीय महाविद्यालयही उभे राहिले. तेथील डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या सुमारास आसपासच्या गावांत ज्वारीचा विमा रुजवला. सुगी झाली की घरोघरची ज्वारी गोळा करायची. मोठ्या शेतकऱ्याने जास्त द्यायची, मजुराने थोडी. एकटेदुकटे घर घ्यायचे नाही; बहुतेक घरे सामील झाली तरच गाव घ्यायचे. मग अवचित आलेल्या आजारात सभासदाला इस्पितळात उपचार मिळत.

त्या ज्वारीत इस्पितळाचा खर्च भागत होता असे नव्हे; मोठा भार सरकारी अनुदानावरच होता. पण ज्याने आपल्या खळ्यावरची पायलीभर ज्वारी दिली, तो दारात हक्काने उभा राहू लागला, आणि गावाला डॉक्टरांकडे जाब मागता येऊ लागला.

आज पुष्कळांच्या घरी सरकारी आरोग्य योजनेचे कार्ड आहे. ते जपून ठेवा. पण नुसत्या कार्डाने नाते बदलत नाही. आपल्या उपकेंद्रात औषध आहे का, डॉक्टर कोणत्या वारी येतात, हे ग्रामसभेत विचारा. गुरुजी, वरच्या वर्गातल्या मुलांनाही त्या सभेला बसवा. दवाखाना आपला आहे, हे लहानपणी कळले तर मोठेपणी हात पसरावा लागत नाही.