५०४० ताना आणि देवगिरीचा हिशेबनीस

हेडफोन लावा आणि जमलं तर कागद-पेन घेऊन बसा. आजची गोष्ट गाण्याची आहे, गणिताची आहे आणि तिचा एक धागा आपल्या खानदेशात येतो.

सा, रे, ग. प्रत्येक स्वर एकदाच घ्यायचा, तर किती क्रम होतील? सहा. चार स्वरांचे चोवीस. आणि सातही स्वरांचे? ५०४०! दोनशे पानी वही घ्या, पानाला २५ ओळी लिहा, तरी ४० ताना बाहेरच राहतील.

हे गणित तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, एका माणसाने मांडलं. त्याचं नाव शार्ङ्गदेव. आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले, आणि स्वतः यादव राजा सिंघणाच्या पदरी हिशेबनीस. त्यांचा ‘संगीतरत्नाकर’ हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही संगीतांचे अभ्यासक आजही उघडतात.

आता, नुसता ५०४० हा आकडा काढणं काही नवं नव्हतं. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त असंच गणित घातलंय: शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं किती प्रकारे देता येतील? उत्तर ३६,२८,८००.

शार्ङ्गदेवांनी त्यापुढचे दोन प्रश्न घेतले. तान दिली, तर ती यादीत कितवी? याला म्हणायचं ‘उद्दिष्ट’. आणि नंबर दिला, तर तान कोणती? हे ‘नष्ट’. हे शब्द छंदशास्त्रातले. तिथे लघु-गुरू अक्षरांचे साचे असेच मोजत. पण अट एकच, अख्खी यादी लिहायची नाही.

त्यासाठी त्यांनी एक तक्ता दिला, खंडमेरू. पहिल्या रांगेत फक्त १. दुसरीत ०, १. तिसरीत ०, २, ४. चौथीत ०, ६, १२, १८. असं सात रांगांपर्यंत. घरांवर खडे ठेवायचे आणि आकड्यांची बेरीज करायची.

करून बघू. तान आहे ‘ग सा रे’. मूळ क्रम ‘सा रे ग’. तानेतला शेवटचा स्वर रे. मूळ क्रमात शेवटून मोजा: ग शून्यावर, रे एकावर. म्हणून तिसऱ्या रांगेत शून्याच्या पुढचं एक घर, म्हणजे २. रे काढून टाका. उरलं ‘ग सा’, मूळ क्रम ‘सा ग’. शेवटचा सा, तोही शेवटून एकावर. दुसऱ्या रांगेतून १. राहिला एकटा ग, त्याचा १. बेरीज ४. त्यांच्या यादीत ‘ग सा रे’ चौथीच येते. सातही रांगांतले सर्वांत मोठे आकडे मिळवा: १, १, ४, १८, ९६, ६००, ४३२०. बरोब्बर ५०४०!

आता खानदेश. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला आपल्यातले कित्येक जण जाऊन आलेत. तिथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, आणि निकुंभ राजाने त्याला जमीन दिली. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख उजेडात आणला. हाच चांगदेव सिंघणाचा ज्योतिषी होता. म्हणजे ‘लीलावती’ शिकवणारा आणि ताना मोजणारा, दोघे एकाच राजाचे चाकर.

‘आपल्या पूर्वजांनी कॉम्प्युटर शोधला होता’ असे फॉरवर्ड येतात ना, तसलं काही मी म्हणत नाहीये. पण खंडमेरूमागची संख्यापद्धती युरोपात १९ व्या शतकात मांडली गेली, आणि आज प्रोग्रॅमिंग शिकणारी पोरं ती शिकतात. इथे १३५६ मध्ये नारायण पंडितांनी ‘गणितकौमुदी’त हे गणित आणखी पुढे नेलं. फॉरवर्ड केलं की अभिमान दोन मिनिटं टिकतो, स्वतः करून बघितलं की गणित आपलं होतं.

तर होमवर्क: ‘रे ग सा’ कितवी? कागदावर सोडवा. आणि पुढच्या वेळी पाटणादेवीला गेलात, तर दर्शन झाल्यावर त्या शिलालेखाचीही चौकशी करा. भेटू पुढच्या भागात!