बलुतं : हक्क की उपकार?

उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे 'वतन' या शब्दापाशी मी नेहमी थांबते. उर्दूच्या तासाला वतन म्हणजे मायभूमी. मराठीच्या तासाला वतन म्हणजे पिढीजात कामाबद्दल मिळालेला हक्क. शब्द एकच, अरबीतून आलेला. 'हक्क' आणि 'मिरास' हे शब्दही तिकडचेच. गावगाड्याच्या कारभारात ते असे रुजले की आज कुणाला परके वाटत नाहीत.

हा गावगाडा देवाणघेवाणीवर चाले. कुणबी धान्य पिकवी. सुतार नांगर करून देई, लोहार फाळ, कुंभार मडकी, चांभार मोट. रोख मजुरी नव्हती. सुगीच्या दिवसांत खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा मिळे, तेच बलुतं. बारा बलुतेदारांच्या याद्या प्रांतागणिक बदलतात, पण अनेक याद्यांत भट, गुरव, कोळी यांच्या जोडीला मुलाणीही आहे. मशिदीची देखभाल आणि बकरे हलाल करणे ही त्याची कामे. मराठा-कुणब्यांच्या घरी बकरे कापायचे तर मुलाण्याला बोलावणे जाई. त्याला मटणाचा वाटा मिळे आणि सुगीला धान्य.

हे चित्र आपल्याकडे सलोख्याचा पुरावा म्हणून सांगितले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे. एकमेकांची गरज दोघांनाही होती. ती दोघांना सारखी दिसत मात्र नव्हती.

त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गांव-गाडा' 1915 साली प्रसिद्ध झाले. त्यांची सहानुभूती कुणब्याकडे. अलुते-बलुते काम कमी करतात, घेतात जास्त आणि सगळा भार कुणब्यावर पडतो, ही त्यांची तक्रार. 1978 साली दया पवारांचे आत्मकथन आले, त्याचे नावच 'बलुतं'. आत्र्यांना जे धान्य कुणब्यावरचे ओझे वाटले, ते पवारांच्या पुस्तकात अपमान गिळून घरी आणलेले अन्न आहे. देणाऱ्याला वाटे आपण पोसतो; घेणाऱ्याला ठाऊक होते की आपण राबतो.

हा फरक डॉ. आंबेडकरांनी नेमका ओळखला. 1928 साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले. वतनाच्या नावाखाली अख्ख्या कुटुंबाला रात्रंदिवस सरकारी कामाला जुंपले जाई आणि मोबदला तुटपुंजा असे. ज्याला मान म्हणून मिरवले जाई, ती प्रत्यक्षात बेडी होती. कनिष्ठ गावकामगारांची ही वतने रद्द करणारा कायदा व्हायला 1958 साल उजाडले.

महाडच्या 1927 च्या सत्याग्रहानंतर अस्पृश्यांवर ठिकठिकाणी बहिष्कार पडले. अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या स्टार्ट समितीनेही 1930 च्या अहवालात सामाजिक बहिष्काराची नोंद केली. जमीन कसायला देणे बंद, मजुरी बंद, दुकानातला माल बंद. मजुरावाचून जमीनदाराचेही अडत होते. पण तो एक हंगाम थांबू शकत होता. मजुराच्या घरात उद्याचे पीठ नव्हते. ज्याला थांबणे परवडते, तो आपली गरज विसरतो आणि आपल्या देण्याला उपकार म्हणू लागतो. बहिष्काराचे सगळे बळ यातच आहे.

हे हत्यार जुने झालेले नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना मनाई करणारा ठराव केला. गटविकास अधिकाऱ्यांनी तो रद्द केला. अशा वेळी आपल्यातले बरेच जण म्हणतात, "आमच्या मणियाराने तुमच्या लेकीबाळींना बांगड्या भरल्या, आमच्या अत्ताराचे अत्तर तुमच्या लग्नात शिंपडले गेले." हे खरे आहे, पण या युक्तिवादाने मी अस्वस्थ होते. उद्या बांगड्या मॉलमध्ये मिळाल्या, मटण पाकिटातून आले, तर आपला गावावरचा हक्क संपला का? उपयोगावर मागितलेली जागा उपयोग सरला की जाते. बलुतेदारांचे नेमके तेच झाले: रोख पैसा आणि कारखान्याचा माल आला आणि खळ्यावरचा वाटा हळूहळू आटला.

आणि बहिष्काराबद्दल बोलताना आपले अंगणही पाहावे लागेल. जातीबाहेर काढण्याला बंदी करणारा मुंबई राज्याचा 1949 चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये घटनाबाह्य ठरवला, तो दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर. महाराष्ट्राने 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला. जात पंचायत असो की जमात, तो साऱ्यांनाच लागू आहे. गावाने आपल्याला वाळीत टाकले तर जुलूम आणि जमातीने आपल्यातल्या एखाद्याला टाकले तर शिस्त, असा हिशेब चालणार नाही.

अरबीत 'एहसान' म्हणजे भले करणे. आपल्या बोलण्यात त्याचा अर्थ फेडायचे ओझे असा झाला. गावात शेजाऱ्यांनी एकमेकांवर एहसान जरूर करावेत, त्याशिवाय जगणे कोरडे होईल. पण यात्रेत दुकान मांडण्याचा हक्क कुणाचा एहसान नाही. तो संविधानाने दिला आहे, आणि तो मागताना आपण किती कामाचे आहोत हे सिद्ध करायची गरज नाही.