मध्यमवय आणि पुढील पिढीची काळजी

साधारणतः ४० ते ६५ वर्षे या काळास मानसशास्त्रात मध्यप्रौढावस्था म्हणतात. या वयात मनातील काळाची मोजणीच बदलते. जन्मापासून किती वर्षे झाली यापेक्षा आता किती उरली, हा हिशेब माणूस नकळत करू लागतो. अमेरिकन संशोधिका बर्निस न्यूगार्टन यांनी हा बदल नोंदविला आहे. मध्यमवयातील पेचप्रसंगाची कल्पना एलियट जॅक्स यांच्या १९६५ च्या निबंधामुळे रूढ झाली. तथापि असा पेच बहुसंख्यांच्या वाट्याला येतो, असे नंतरच्या संशोधनात आढळले नाही.

या अवस्थेचे सर्वांत मार्मिक विवेचन एरिक एरिक्सन (१९०२-१९९४) यांचे. 'चाइल्डहूड अँड सोसायटी' (१९५०) या ग्रंथात त्यांनी मानवी जीवनाचे आठ टप्पे मांडले. सातव्या टप्प्यात 'जेनरेटिव्हिटी', म्हणजे पुढील पिढी घडविण्याची व तिला मार्ग दाखविण्याची आस, आणि साचलेपण यांत ओढाताण असते. आस मावळली की माणूस स्वतःचेच लाड पुरवू लागतो, जणू तोच आपले एकुलते एक अपत्य! केवळ मुले झाल्याने ही आस येत नाही. निपुत्रिकही ती अन्य कार्यातून जोपासू शकतो. आम्हा अविवाहित धर्मगुरूंना व धर्मभगिनींना हा विचार जवळचा वाटावा.

त्यांचा आणखी एक मुद्दा आपल्याकडे क्वचितच बोलला जातो. लहान मोठ्यांवर अवलंबून असतात हे खरेच; परंतु आपण कोणाला तरी हवे आहोत, ही प्रौढाचीही गरज असते. मुलगा आता सल्ला विचारीत नाही, हे आईवडिलांचे दुःख म्हणूनच निव्वळ अहंकाराचे नव्हे. मात्र याच गरजेपोटी जोपासनेचे रूपांतर कधी ताबा ठेवण्यात होते.

१९६२ साली एरिक्सन मानवी जीवनचक्रावरील परिसंवादासाठी अहमदाबादेस आले. तेथील १९१८ च्या गिरणी संपाने त्यांचे लक्ष वेधले. संपाच्या वेळी गांधीजी ४८ वर्षांचे होते. त्यातून साकारलेल्या 'गांधीज ट्रुथ' (१९६९) या ग्रंथास पुलित्झर पारितोषिक लाभले. त्यात एरिक्सन दिवंगत महात्माजींना उद्देशून पत्र लिहितात आणि अहिंसेच्या या उपासकाने घरच्यांशी दाखविलेल्या कठोरतेची चिकित्सा करतात. थोरले पुत्र हरिलाल यांना इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर व्हायचे होते. पित्याने ते मानले नाही. १९११ साली हरिलाल घर सोडून गेले.