कपाटातलं घड्याळ

मागच्या पावसाळ्यात आम्ही चौघं मित्र खिरेश्वरकडून हरिश्चंद्रगडावर चाललो होतो. टोलारखिंडीच्या वरचा कातळ आला तसं एकानं मनगटावरचं घड्याळ काढलं, रुमालात गुंडाळलं आणि सॅकच्या तळाशी ठेवून दिलं. घड्याळ महागाचं, बायकोनं वाढदिवसाला दिलेलं. मग दिवसभर तो दर अर्ध्या तासानं मला विचारत होता, "किती वाजले रे?" माझ्या हातात कॅसिओचं साधं प्लास्टिकचं घड्याळ. ते कातळावर घासलं, चिखलानं माखलं आणि वेळ सांगत राहिलं..

तेव्हा बाबांची आठवण झाली. बाबा एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते. त्यांच्याकडे दोन घड्याळं होती. एक एचएमटी जनता, रोज सकाळी चहा पिता पिता चावी द्यायचं. दुसरं निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी वर्गणी काढून दिलेलं, सोनेरी पट्ट्याचं. ते कपाटात, मखमली डबीत. त्यांच्या हातात ते मी एकदाच पाहिलं, बहिणीच्या लग्नात. तेव्हाही त्यांचं निम्मं लक्ष मनगटाकडे होतं!

या दोन घड्याळांतल्या फरकाचा इतिहास तसा जुना आहे. युरोपात घड्याळ ही बराच काळ खिशातून साखळीनं बाहेर काढून दाखवायची वस्तू होती. ज्याला खरोखर वेळेवर कामाला पोचायचं असे, तो कामगार कारखान्याच्या भोंग्यावर किंवा चर्चच्या घंटेवर अवलंबून. म्हणजे वेळ मालकाची, धावपळ कामगाराची.

हे बदलावं असं मनापासून वाटलेल्या माणसांपैकी एक म्हणजे जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कोप्फ. जन्मानं जर्मन, पण घड्याळाचं काम शिकला आणि आयुष्यभर केलं ते स्वित्झर्लंडमध्ये. मजुरालाही परवडेल असं वीस फ्रँकचं चांगलं घड्याळ करायचं, असं त्यानं ठरवलं. १८६७ साली ते बाजारात आणलं. त्यानं केलं काय, तर जे नसलं तरी चालेल ते काढून टाकलं. चक्रांच्या साखळीतलं मधलं चाक गेलं, नेहमीच्या शंभराहून अधिक भागांऐवजी ५७ भाग राहिले. चांगल्या घड्याळात चाकाचे दाते अडवायला-सोडायला माणकाचे खडे असत, तिथे पोलादी पिना आल्या. चांदीच्या जागी जर्मन सिल्व्हरची केस. नाव दिलं 'प्रोलेतेर', म्हणजे श्रमिक. गंमत म्हणजे विरोध झाला तो त्याच्याच गावच्या कारागिरांकडून. असलं 'हलकं' काम करणं त्यांना कमीपणाचं वाटलं.

पुढची पायरी अमेरिकेत. इंगरसोल बंधूंनी १८९६ साली 'यांकी' नावाचं खिशातलं घड्याळ एका डॉलरला विकायला काढलं. एक डॉलर म्हणजे साध्या मजुराचा साधारण एका दिवसाचा रोज. घड्याळं बनत कनेक्टिकटमधल्या वॉटरबरी गावच्या कारखान्यात. शेतकरी, खाणकामगार, शाळकरी पोरं, सगळ्यांच्या खिशात ती जाऊन बसली. हरवलं तर हळहळ व्हायची, पण घर बुडायचं नाही. स्वस्त घड्याळाचं खरं मोल मला यात वाटतं. वस्तू हरवण्याची भीती गेली की ती वापरता येते.

पहिल्या महायुद्धात घड्याळ खिशातून मनगटावर आलं. तोवर मनगटावरचं घड्याळ बायकांचा दागिना मानलं जाई. पण खंदकात, हातात बंदूक असताना, कोट उघडून साखळी कोण ओढत बसणार? अंधारात दिसावं म्हणून काटे आणि आकडे रेडियमच्या रंगानं रंगवले जाऊ लागले.

आणि इथे मला थांबावंसं वाटतं. कारण ते आकडे रंगवणाऱ्या होत्या तरुण मुली. कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायचा, असं त्यांना शिकवलेलं होतं. प्रत्येक वेळी थोडं रेडियम पोटात जाई. न्यू जर्सीत, इलिनॉयमध्ये आणि त्या वॉटरबरीतसुद्धा अशा मुलींचे जबडे सडले, हाडं पोखरली गेली, कित्येकजणी तरुणपणीच गेल्या. न्यू जर्सीतल्या पाचजणींनी कोर्टात धाव घेतली, १९२८ साली तडजोड होऊन त्यांना भरपाई मिळाली. रेडियमचे आकडे महागड्या घड्याळांवरही होते, हे खरं. पण स्वस्त घड्याळाचं कौतुक करताना एवढं विचारायलाच हवं, की जी किंमत आपण दिली नाही ती कुणी दिली?

असो. इंगरसोल बंधूंचा धंदा १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला बुडाला आणि वॉटरबरीच्या कंपनीनंच तो विकत घेतला. हीच कंपनी पुढे टायमेक्स झाली. १९५० च्या दशकात टीव्हीवरच्या जाहिरातींत ती आपली घड्याळं आपटून, बुडवून दाखवायची. एकदा तर मोटारबोटीच्या पंख्याला बांधलेलं घड्याळ ऐन प्रक्षेपणात निसटून गेलं!

आपल्याकडे हे काम एचएमटीनं केलं. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं १९६१ मध्ये बंगळुरात कारखाना सुरू झाला. जनताची यंत्रणा पिनांची नव्हती बरं का. चांगल्या घड्याळासारखी, सतरा खड्यांची. तरी ती बाबांसारख्यांच्या आवाक्यात आली.

मग आलं क्वार्ट्झ. १९६९ च्या नाताळात सेइकोनं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला ठेवलं, किंमत साडेचार लाख येन, म्हणजे जवळपास एका छोट्या मोटारीएवढी. आणि वीसच वर्षांनी, १९८९ मध्ये, कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू आलं. वजन अवघं २१ ग्रॅम, बॅटरी सात वर्षांची, महिन्याला फार तर अर्ध्या मिनिटाची चूक. चावीच्या चांगल्या घड्याळाचीही एवढी चूक एक-दोन दिवसांत होऊ शकते. जितकं महाग तितकं अचूक, हा शेकडो वर्षांचा हिशेब एका प्लास्टिकच्या घड्याळानं मोडला. सरकारनं २०१६ मध्ये एचएमटीची घड्याळं बनवणारी कंपनी बंद करायचं ठरवलं, त्यामागेही ही क्वार्ट्झची लाट होतीच.

बाबा गेल्यावर आईनं दोन्ही घड्याळं माझ्यापुढे ठेवली. सोनेरी घड्याळ अगदी नव्यासारखं. फक्त बंद. कधी बंद पडलं ते घरात कुणालाच सांगता येईना. जनताची काच ओरखड्यांनी पांढुरकी झालेली, पट्ट्याच्या भोकांत डेपोतलं काळं ग्रीस. चावी दिली, चालू झालं.

सहकाऱ्यांनी इतक्या प्रेमानं दिलेलं ते घड्याळ बाबांनी कधी वापरलं नाही याचं मला पूर्वी वाईट वाटायचं. आता वाटतं, त्यांनी ते जपलं, हाही प्रेमाचाच प्रकार होता. पण त्यांचे दिवस गेले ते दुसऱ्या घड्याळाच्या सोबतीनं. पहाटेची पहिली गाडी, गाडीखाली आडवं पडून केलेली कामं, आमच्या शाळेची वेळ.. सगळं त्या खरचटलेल्या काचेनं पाहिलं.

सोनेरी घड्याळात मी परवा बॅटरी घालून आणली. पुढच्या ट्रेकला ते घालून जावं असं मनात येतंय. धीर होईल की नाही, ते मात्र सांगता येत नाही.