दारावरचा लाल गोल आणि मिरवणुकीतला नकाशा

प्लेगच्या दिवसांत ‘उंदीर पडला’ एवढं कानावर आलं की माणसं बोचकी बांधत आणि गावाबाहेर झोपड्या घालून राहत. आधी घरातला उंदीर मरतो, मग माणसाला गाठ येते, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. कुठल्या घरात पडला आणि कधी, एवढ्यावरून पुढचं संकट ओळखायचं. साथीच्या नकाशाचं बीज हेच.

कागदावर ते रुजवणाऱ्यांत सर्वांत गाजलेला माणूस म्हणजे लंडनचा डॉ. जॉन स्नो. 1854च्या कॉलऱ्यात त्यानं सोहो भागात घरोघर विचारपूस केली. नकाशावर प्रत्येक मृत्यूची काळी रेघ त्या त्या घरापाशी ओढली, तेव्हा रेघांची गर्दी ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाभोवती दिसली. ते पाणी बंद व्हावं म्हणून पंपाचा दांडा मात्र 8 सप्टेंबरलाच काढला गेला होता. नकाशा छापून आला पुढच्या वर्षी. म्हणजे खरं काम केलं ते दारोदार फिरून विचारलेल्या प्रश्नांनी.

आपल्याकडे सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मग मृत्यू झालेल्या घरांवर लाल गोल रंगवले जाऊ लागले. शहराच्या भिंतीच साथीचा नकाशा झाल्या. पण हा नकाशा वाचायचा सरकारनं आणि भोगायचा घरच्यांनी. पुण्यात 1897 मध्ये गोरे सोजीर घरात शिरून झडत्या घेऊ लागले, तेव्हा माणसं आजारी आप्तांना दडवू लागली. नकाशा ज्या माहितीवर उभा राहतो, ती भीतीपोटी दाराआडच राहिली.

1905 पासून मुंबईत प्लेगचा जो कसून शोध झाला, त्यात मेलेल्या उंदरांचीही जागा आणि तारीख नोंदली जाऊ लागली. त्यातून क्रम दिसला: आधी गटारातला करडा उंदीर, मग घरातला काळा उंदीर, मग माणूस, आणि या सगळ्यांना जोडणारी पिसू. ‘उंदीर पडला’ या दोन शब्दांना आता तारखांचा आधार मिळाला.

साथीच्या नकाशाच्या कुळकथेतलं मला सर्वांत प्रिय पान इंदूरचं आहे. होळकर दरबारानं नगररचनेसाठी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश जीवशास्त्रज्ञाला बोलावलं. त्याचा दोन खंडांचा अहवाल 1918 मध्ये निघाला. उपचाराआधी निदान, म्हणून गल्लीन्‌गल्ली पायी पाहायची, ही त्याची रीत. प्लेगनं धास्तावलेल्या शहरात त्यानं दिवाळीची मिरवणूक काढायचं ठरवलं आणि जाहीर केलं की मिरवणूक नेहमीच्या रस्त्यानं जाणार नाही. ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ, त्यांतून जाईल. घरं झाडली गेली, कचऱ्याच्या गाड्या भरभरून निघाल्या. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा अजस्र उंदीर होता आणि त्याच्या अंगावर पिसवाही होत्या. पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, फुलांचे हार घालून सफाई कामगार मानानं चालले. मागून आली नवी देवता, इंदूर नगरी. तिच्या निशाणावर शहराचा नियोजित नकाशा रेखलेला होता. शेवटी राक्षस आणि उंदीर दोघांचं दहन झालं.

या मिरवणुकीची वाटच एक नकाशा होती, आणि तो लोकांनी स्वतःच्या केरसुणीनं आखला होता. दारावरच्या लाल गोलानं माणसं लपली. या वाटेनं ती दारात येऊन उभी राहिली.

मार्च 2020 मध्ये इंदुरात कोविडचे रुग्ण सापडू लागले आणि नकाशावर पुन्हा प्रतिबंधित भाग आखले गेले. एप्रिलच्या सुरुवातीला एका वस्तीत तपासणीला गेलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांवर दगड आले. तरी घरोघर जाऊन विचारायचं काम थांबलं नाही. आज नकाशा संगणकावर क्षणात उमटतो, पण त्यावरचा प्रत्येक ठिपका कोणीतरी दार उघडून खरं सांगितल्यावरच पडतो. ते दार विश्वासानं उघडावं, ही सोय आधी करायला हवी.