पाटीचा इतिहास

इतिहास म्हटला की राजे, किल्ले आणि लढाया आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. मला मात्र आठवते ती लहानपणी आमच्या दारी येणारी कोळीण मावशी. पाटी उतरवताना ती आईला हात लावायला सांगे आणि हिशेब तोंडीच करी. तो कधी चुकल्याचे मला आठवत नाही.

मुंबई एके काळी सात बेटांची होती. कुलाबा, माझगाव, वरळी, माहीम येथे कोळ्यांची वस्ती होती. पुढे खाड्या बुजल्या, बेटे जोडली गेली. कोळीवाडे मात्र किनाऱ्यावरच राहिले. तेथील कामाची वाटणी ठरलेली असे. होडी आणि जाळे पुरुषाचे. मासळी किनाऱ्याला लागली की पुढचे सारे बाईचे. निवडणे, विकणे, सुकवणे तिनेच करायचे. डोलीच्या जाळ्यात सापडणारे बोंबील टिकत नाहीत. विकून उरतील ते तिने त्याच दिवशी वलांडीवर वाळत घालायचे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की याच सुक्या मासळीवर घर चाले. घरची तिजोरी तिच्या हाती होती ती कोणाच्या मेहेरबानीने नव्हे, कष्टाने!

१८६९ साली क्रॉफर्ड मार्केट (आजची महात्मा फुले मंडई) उभे राहिले आणि १८७५ साली ससून गोदी बांधली गेली. कोळणीची पाटी शहरभर फिरू लागली. पुढे यांत्रिक नौका आल्या. मासळी मोठ्या बंदरावर जाऊन लिलावात निघू लागली. घरची मासळी विकणाऱ्या कितीतरी जणींना आता आधी पैसे मोजून माल घ्यावा लागतो. त्यातच वाळवणाच्या जागा आक्रसल्या. २०२१ साली क्रॉफर्ड मार्केटजवळील घाऊक मासळी बाजार ऐरोलीला हलविण्याचा घाट घातला गेला, तेव्हा कोळणी रस्त्यावर उतरल्या. बाजारातली बसण्याची जागा गेली की बांधलेले गिऱ्हाईक जाते आणि त्याबरोबर घरातला तिचा शब्दही हलका होतो, हे त्या जाणून होत्या.

होडीवर पुष्कळ लिहिले गेले, पाटीवर थोडेच. म्हणून एवढेच सांगावेसे वाटते: शहराचे नकाशे आखले जातात तेव्हा वलांडीला आणि बाजारातल्या त्या चार हात जागेला कोणी मोकळी जमीन समजू नये. ती एका बाईची कमाई आहे. आणि मावशी दारी आली, तर पाटीला हात लावायला आपण विसरू नये.